चावडीमागच्या दोन कोठड्यांविषयी गावाला खुलं पत्र

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य, आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला येणारे व न येणारे समस्त गावकरी

विषय : चावडीमागच्या जुन्या जेलच्या निर्लेखनाचा ठराव मागे घेण्याबाबत.

सरपंच वहिनी, नमस्कार.

‘विषय’ लिहिल्याशिवाय मला पत्र सुचत नाही. बत्तीस वर्षं सरकारी कारकुनी केली, त्यातली शेवटची नऊ अभिलेख कक्षात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, सोडण्यात आणि बांधण्यात गेली. त्याची ही खोड. तुम्ही या गावच्या सून आणि मी लेक. लेकीनं माहेरच्या कारभारात तोंड घालू नये म्हणतात. ‘सोलापुरात बसून हिला काय होतंय बोलायला’ असं पारावर कोण म्हणणार, त्याचं नावसुद्धा मी आत्ता सांगू शकते. पण चावडी म्हटलं की आमच्या घराला गप्प बसता येत नाही. का, ते पुढे येईलच.

मासिक सभेचा ठराव मला भाच्यानं मोबाईलवर पाठवला. ‘धोकादायक इमारत म्हणून निर्लेखन करणे व सदर जागी आठ व्यापारी गाळे बांधणे.’ दीड ओळ. निर्लेखन म्हणजे सरकारी भाषेत कागदावरून नाव काढून इमारत पाडून टाकणं. तिच्यात ना कोठडी हा शब्द आहे, ना चावडी, नुसतीच ‘इमारत’. शाळेच्या गळक्या खोल्यांचं निर्लेखन करताना जो मजकूर वापरला तोच उचललेला दिसतो, कारण खाली ‘विद्यार्थ्यांच्या जीवितास धोका’ हे शब्दही तसेच राहिलेत. त्या कोठडीत विद्यार्थी कधी बसले होते, हे ग्रामसेवक भाऊसाहेबांनी एकदा सांगावं.

आपण सगळे तिला जेल म्हणतो. लहानपणी न जेवणाऱ्या पोरांना ‘जेलात टाकीन’ म्हणायचे, ते हेच जेल. कागदावर मात्र ती जेल कधीच नव्हती. १८९४ च्या तुरुंग कायद्यात ‘तुरुंग’ कशाला म्हणायचं ते सांगताना काही जागा वगळल्या आहेत, आणि त्यात पहिलीच आहे ती निव्वळ पोलिसांच्या ताब्यातली माणसं ठेवण्याची जागा. म्हणजे आपल्या कोठड्या तुरुंग खात्याच्या यादीत कधी आल्या नाहीत. १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानं पाटलावर गावची पोलिसी सोपवली होती. आरोपी धरायचा आणि पुढे धाडायचा. बैलगाडीनं नेईपर्यंत रात्र व्हायची, ओढ्याला पाणी असायचं, कधी शिपाईच आलेला नसायचा. तेवढा वेळ माणूस ठेवायला या दोन खोल्या. एकेक आठ फूट बाय सहा फूट, मी स्वतः टेप लावून मोजल्यात. समोर पडवी, काळ्या घडीव दगडाच्या भिंती, छताजवळ हातभर झरोका आणि गजांचं दार. उजवीकडच्या कोठडीत जमिनीत ओतलेली लोखंडी कडी अजून आहे. ती पाहायला हवी असेल तर आधी टीसीएलची, म्हणजे पाण्यात टाकायच्या पावडरीची, पोती उचलावी लागतील. त्यावर शेवटी येते.

यादीत नसल्याचा एक अर्थ असा की तिला वाचवायला वरून कोणी येणार नाही. राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे. पण त्यांच्याकडे किल्ले, लेणी, हेमाडपंती देवळं यांचीच रांग लांब आहे. दोन खोल्यांच्या चावडीसाठी अर्ज करून वाट पाहत बसलो तर उत्तर येईपर्यंत गाळ्यांची शटर लागलेली असतील. हे काम गावाचंच आहे, ग्रामसभेच्या ठरावानं होण्यासारखं आहे, आणि म्हणून हे पत्र कलेक्टर साहेबांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

आता या कोठड्यांत कोण बसलं ते बोलू. माझा खरा मुद्दा हाच आहे.

तरुण मंडळाच्या पोरांनो, तुम्ही चावडीवर लावलेला फ्लेक्स पाहिला. ‘याच कारागृहात सोलापूरच्या चार हुतात्म्यांना इंग्रजांनी डांबले होते. वारसा वाचवा!’ पाडकामाला तुमचा विरोध आहे याचा मला आनंद आहे. पण फ्लेक्स उतरवा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांचा आपल्या चावडीशी काडीचा संबंध नाही. गांधीजींना ५ मे १९३० ला अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मेला पोलिसांच्या गोळीनं शंकर शिवदारे गेले, मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळली, दोन पोलीस मारले गेले. पुढचे तीन दिवस शहरात इंग्रजांचं राज्य असं उरलंच नव्हतं. १२ मेला लष्करी कायदा लागला तो ३० जूनला उठला. आपले म्हातारे ‘मार्शल लॉच्या साली’ असं म्हणून वय सांगायचे, ते हेच साल. त्या पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात या चौघांना गोवलं गेलं आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. सगळी कथा शहरातली आणि येरवड्यातली. सोलापूरच्या हुतात्म्यांची चौकाचौकात आठवण आहे, ती असायलाच हवी. त्यांना आपल्या पडवीत आणून बसवायची काय गरज? उद्या एखादा अभ्यासू माणूस हा फ्लेक्स वाचेल आणि हसेल. आणि मग चावडीचं जे खरं आहे तेही त्याला खोटंच वाटेल.

आपल्याकडे एक चमत्कारिक सवय झाली आहे. तुरुंग जपायचा तर आत कोणीतरी मोठा माणूस राहिलेला लागतो. नगरच्या किल्ल्यात नेहरूंची खोली जपली, रत्नागिरीला सावरकरांची कोठडी जपली. येरवड्याला २६ जानेवारी २०२१ पासून जेल पर्यटनच सुरू झालं. हे सगळं योग्यच आहे. पण ज्याचं नाव पुस्तकात नाही त्याची कोठडी कुठे बघायची? गावागावांत जी साधी माणसं रात्रभर गजाला धरून उभी राहिली, त्यांची जागा आपल्याकडे शिल्लक आहे. ती आहे तशी सांगितली तरी पुरे.

माझ्या आजोबांकडे महारकीचं वतन होतं. वतन म्हणजे काय हे नव्या पोरांना सांगायला हवं. चावडी झाडायची, सारा वसुलीला लोकांना बोलवायचं, टपाल घेऊन तालुक्याला पळायचं, मेलेल्याची खबर द्यायची, आणि कोठडीत कोणी असला तर रात्रभर पडवीत जागायचं. मोबदला म्हणून बलुतं आणि थोडी जमीन. १९५८ च्या कायद्यानं ही कनिष्ठ वतनं गेली, १९५९ च्या ऑगस्टपासून. त्यानंतर आजोबा पगारी कोतवाल झाले. पगार किती तुटपुंजा होता ते जाऊ द्या. पण ‘पगार’ हा शब्द उच्चारताना ते ताठ बसायचे.

त्यांनी मला सांगितलेलं चोर-दरोडेखोरांचं फारसं काही आठवत नाही. आठवतात ती हजेरीची माणसं.

१८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा करून काही जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर आपल्या मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल बसला. पारधी, कैकाडी, भामटा आणि आणखी कितीतरी. नोंदलेल्या माणसानं ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परगावी जायचं तर दाखला घ्यायचा, दाखल्याविना सापडला तर आत. सोलापूरला त्यांच्यासाठी तारेचं कुंपण घातलेली वस्तीच होती. तिथून त्यांना गिरण्यांत कामाला नेत. त्या भागाला आजही लोक सेटलमेंटच म्हणतात, आणि रिक्षावाल्याला तेवढं एक नाव सांगितलं की तो नेऊन सोडतो. नावामागचं कुंपण किती जणांना माहीत आहे देव जाणे.

आजोबा सांगायचे, माळावर पाल टाकून राहिलेल्या एका पारधी बाईला हजेरी चुकली म्हणून दोन रात्री डावीकडच्या कोठडीत ठेवलं. हजेरी चुकली कारण ती बाळंत झाली होती. पोर बरोबरच होतं. आजीनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी धाडली. कडक भाकरी का, तर ती गजातून सरकवता येते आणि दोन दिवस टिकते. बाईनं भाकरी घेतली आणि चटणी परत केली, अंगावर पिणाऱ्या पोराला तिखट बाधेल म्हणून. आजोबांना त्या चटणीचंच जास्त लागलेलं. ‘आम्हाला गावकुसाबाहेर ठेवलं आणि त्यांना गावाबाहेरसुद्धा राहू दिलं नाही,’ असं ते म्हणायचे. पहारा आमच्याच माणसाला द्यावा लागायचा, हे त्यांनी पुढे कधी बोलून दाखवलं नाही. मी मोठी झाल्यावर मला ते कळलं.

तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून गेला. भटके-विमुक्त समाज तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. आपल्या गावात पारध्यांची सात घरं आहेत. त्यातली दोन मुलं कॉलेजला आहेत. चावडीवर फलक लागणार असेल तर पहिली ओळ त्यांना विचारून लिहा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणखी जुनं सांगायचं तर कर्ज. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. ते लोण पसरलं, आणि मग १८७९ मध्ये पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. त्यानं पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करणं आणि कैदेत टाकणं बंद झालं. म्हणजे त्याआधी ते होत होतं. मधल्या १८७६-७७ च्या दुष्काळात तर आपला जिल्हा होरपळलेल्यांत पुढे होता. पेवातला जोंधळा संपला की माणूस काय करतो, याला कायद्याच्या पुस्तकात चोरी म्हणतात. आपल्या म्हाताऱ्यांना ‘चावडीवर चल’ या शब्दांची जी धडकी भरायची, ती या सगळ्यातून आलेली आहे.

कोणी म्हणेल, एवढं सगळं लिहायला कागद कुठाय? २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला अख्खा महाराष्ट्र अभिलेख कक्षाच्या दारात उभा राहिला. गाव नमुना चौदा आणि कोतवाल बुक हे शब्द ज्यांनी जन्मात ऐकले नव्हते ते मोडी वाचकाचा नंबर मागत फिरत होते. तोवर त्याच रुमालांना आम्ही कर्मचारी सोडून कोणी हात लावला नव्हता. कोतवाल बुकात जन्म-मृत्यू लिहून घेणारे माझे आजोबा आणि तुमचे पणजोबा, दोघांचे अंगठे एकाच पानावर असतील. मोडी वाचक आता गावोगाव ओळखीचे झाले आहेत. आपल्या गावचे रुमाल एकदा चावडीच्या निमित्तानं वाचून घेऊ. त्या वाचनाचा खर्च मी देते, माझ्या पेन्शनमधून, त्यावर चर्चा नको.

आता इमारत. ती धोकादायक आहे हे मला अर्धं मान्य आहे. भिंती नव्हेत, माळवद, म्हणजे वरचं मातीचं छप्पर. तुळया वाळवीनं पोखरल्यात, किलच्या लोंबतात, आणि वर वर्षानुवर्षं टाकलेल्या पांढऱ्या मातीचं ओझं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले असताना, किल्लारीनं माळवदाच्या घरांचं काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. जड छपरं आणि मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती माणसांवर आल्या. त्यामुळे इंजिनिअर साहेब माळवद बघून घाबरले तर त्यांना मी दोष देणार नाही. पण किल्लारीनंतर सरकारनं उभी राहिलेली जुनी घरं मजबूत कशी करायची हेही शिकवलं होतं. छपरावरची माती कमी करायची, भिंतीला आडवी पट्टी फिरवायची, भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड घालायचे. आपल्या कोठडीच्या भिंती तर मातीच्या नाहीत, चुन्यात बांधलेल्या आहेत. एकदा नीट स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, म्हणजे ‘धोकादायक’ हा शब्द माळवदाला लावायचा की सगळ्या इमारतीला, हे कागदावर येईल.

आणि दुरुस्ती करायचीच ठरली तर एक भीती मला पाडकामाएवढीच वाटते. सिमेंटची. आपल्याकडे जुन्या वास्तूवर प्रेम दाखवायचं म्हणजे दरजात सिमेंट भरायचं, वर ऑइलपेंट मारायचा आणि समोर पेव्हर ब्लॉक बसवायचे. मारुतीच्या देवळाचं आपण हेच केलं. तीन पावसाळ्यांत भिंतीला कमरेएवढा लोणा लागला आणि रंगाचे पोपडे निघाले. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटनं तिची वाट बंद केली की ती ओल दगडातून बाहेर पडायला बघते, सोबत क्षार आणते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. चुना भिजवून मुरवावा लागतो, घाणीत मळावा लागतो, नंतर कित्येक दिवस पाणी मारून ओला ठेवावा लागतो. सोलापूरच्या मे महिन्यात हे काम करणं म्हणजे तव्यावर पाणी शिंपडणं. दिवाळीनंतर सुरू करून शिवरात्रीच्या आत संपवावं. चुन्याचं काम जाणणारे गवंडी कमी राहिलेत, पण मिळतात. सोलापुरात महापालिकेच्या जुन्या इमारतीचं, इंद्रभुवनाचं, जतन झालंच ना. कारागीर कसे मिळवले हे महापालिकेत जाऊन विचारता येतं, त्याला फी पडत नाही.

इंद्रभुवन वाचलं म्हणून सोलापूरची पाठ थोपटायलाही माझा हात फारसा उठत नाही. १८७७ ची जुनी गिरणी, जिच्या भोंग्यावर निम्मं शहर उठायचं, ती कुठे आहे? ‘जुनी मिल कंपाऊंड’ हा पत्ता आहे. गिरणी नाही.

गाळ्यांचं म्हणाल तर गावाला उत्पन्न हवं हे मला समजतं. पाणीपट्टी कोण भरतं आणि कोण नाही याची यादी मी पाहिलेली आहे. त्यात माझ्या भावाचं नाव आहे आणि त्याला मी फोन केला आहे. पण गाळे बाजारतळाच्या कडेला होऊ शकतात. तिथे आठवडी बाजाराचं गिऱ्हाईक आहे, चावडीच्या बोळात कोण येणार? आणि त्याआधी जागेचे कागद बघा. नमुना आठला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, ग्रामपंचायतीचं नाव लागलं म्हणजे जागा पंचायतीची झाली असं होत नाही. चावडी ही मूळची महसूलची असते. मिळकत पत्रिका काढून पाहा. जागा सरकारी निघाली तर तुमचा ठराव पंचायत समितीच्या टेबलावरच बसून राहील, आणि तोवर कंत्राटदाराचा जेसीबी दारात येऊन गेलेला असेल. असं होताना मी एकदा नव्हे, तीनदा पाहिलं आहे.

तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. निर्लेखनाचा ठराव मागे, ऑडिटचा ठराव पुढे, आणि रुमालवाचनाला परवानगीचं पत्र. कोठडी नीट झाली तर तिच्यात पुतळे, दिव्यांच्या माळा, साउंड शो असलं काही नको. पडवीत वाचनालयाची चार कपाटं ठेवा, पोरं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत आत्ताही चावडीच्या पायरीवरच बसतात. कोठड्या मोकळ्या ठेवा. डावीकडच्या दारावर हजेरीच्या माणसांबद्दल लिहा, उजवीकडे रुमालांत सापडेल ते. चार ओळी पुरेत, पण शुद्धलेखन मी तपासणार.

कोरम होत नाही म्हणून सभा तहकूब करायची आपली पद्धत आहे. यंदा करू नका. मी पहिल्या एसटीनं येते आहे.

राहिली टीसीएलची पोती. पाण्याच्या टाकीत टाकायची ही पावडर उजवीकडच्या कोठडीत रचून ठेवली आहे. तिच्या वाफेनं लोखंड खातं. गजांना खालून चार बोटं गंज चढला आहे. गज गंजून फुगला की ज्या दगडात तो बसवलाय तो दगड तडकतो, आणि उंबऱ्याच्या दगडाला तशी एक बारीक रेघ मी गेल्या पाडव्याला पाहिली. ही पोती हलवायला ठराव लागत नाही, निधी लागत नाही, दोन माणसं आणि अर्धा तास लागतो. वहिनी, ती ग्रामसभेची वाट न बघता उद्याच पंपहाऊसमध्ये हलवून घ्या.

आपली,
गावची लेक
(निवृत्त अव्वल कारकून, सोलापूर)